हाताने केलेले दागिने: सोलापुरात प्रदर्शनात टेबल घेणं परवडतं का?

मणी_ओवते
नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरची. घरी दागिने करते: ठुशी, चिंचपेटी, मोत्याच्या कुड्या, खणाच्या कापडाचे सेट, रेशमी दोऱ्याच्या बांगड्या. आतापर्यंत गिऱ्हाईक म्हणजे जावा, नणंदा, शाळेतल्या मैत्रिणी आणि त्यांच्या मैत्रिणी. दिवाळीच्या आधी विजापूर रोडला एका मंगल कार्यालयात तीन दिवसांचं प्रदर्शन आहे, तिथे टेबल घ्यावं असं मनात आहे. भाडं ४,५०० रुपये. त्यात एक टेबल, दोन खुर्च्या, एक दिवा. पंखा सगळ्यांचा मिळून.

नवरा म्हणतो, भाडं निघालं तरी पुष्कळ झालं. सासूबाई सोबत यायला एका पायावर तयार आहेत, पण त्या प्रत्येक बाईला आधी "माहेर कुठलं तुमचं?" विचारणार आणि दागिन्याचं राहूनच जाणार.

माल किती न्यावा? भाव कसा धरावा? नव्या पेठेत ५० रुपयांना झुमके मिळतात, तिथे माझे २५० चे कोण घेणार? जीएसटीची भानगड लागते का? पुण्या-मुंबईकडे कुणी टेबल लावलं असेल तर तेही सांगा.

कडक_भाकरी
आधी आयोजकांकडून मागच्या वर्षी टेबल घेतलेल्या दोघी-तिघींचे फोन नंबर मागा. देत नसतील तर पुढचे प्रश्न विचारायची गरज नाही.

मणी_ओवते
मागितले. एकीचा मिळाला. ती पापड-कुरडयावाली निघाली. म्हणाली, "माझं चांगलं गेलं ओ, तुमचं काय सांगू?"

तार_पक्कड
मी हाच धंदा पोटापाण्यासाठी करतो. सोलापूर, लातूर, पुणे, कोल्हापूर अशी टेबलं लावत फिरतो. हौसेचं नाही, म्हणून हिशेब रोखठोक सांगतो.

भाडं ४,५००. रिक्षा, चहा-जेवण, कार्ड, पिशव्या, एखादा जादा दिवा धरून आणखी १,५००. झाले ६,०००. आता तुमच्या एका नगामागे मणी-दोरी-गोंड्याचा खर्च आणि तुमची मजुरी वजा जाऊन १५० रुपये सुटतात असं धरा. ६,००० भागिले १५० म्हणजे ४० नग. तीन दिवसांत ४० नग गेले की भाडं फिटलं. तुमची कमाई एकेचाळिसाव्या नगापासून. मजुरी वेगळी धरली आहे हे लक्षात घ्या. बहुतेक बायका मजुरी धरतच नाहीत, "घरीच तर करते" म्हणतात, आणि मग दोन तास घालवून केलेली ठुशी मण्यांच्या खर्चावर ५० रुपये चढवून देतात. तो धंदा होत नाही, दानधर्म होतो.

माल विकायच्या अंदाजाच्या तिप्पट तरी न्यावा. टेबल अर्धं रिकामं दिसलं की लोक समजतात चांगलं ते आधीच गेलं. पण डिझाइनं तीस प्रकारची नकोत. सहा-सात प्रकार आणि प्रत्येकात रंग भरपूर.

घासाघिशीबद्दल: भाव कार्डावर लिहा. तोंडी सांगितलेला भाव मोडण्यासाठीच असतो, लिहिलेला बऱ्याच जणी निमूट देतात. मागितलेच कमी, तर पैसे कमी करू नका, वर काहीतरी द्या. मी गोंड्याचा रंग बदलून देतो किंवा डबी देतो. पहिल्या गिऱ्हाइकाला मात्र सोडत नाही, भवानी झालीच पाहिजे, तिथे दहा-वीस इकडे-तिकडे चालतात.

शेंगा_चटणी
टेबलावर काय अंथरणार? मैत्रिणीच्या टेबलावर मी बसले होते. तिने अभिमानाने सोलापुरी चादर अंथरलेली, मोराची. दुपारपर्यंत बायका चादरीचाच भाव विचारत होत्या. एकीने तर दागिने बाजूला सारून सूत चाचपून पाहिलं, "सिंगल आहे का डबल?" साधं काळं किंवा गर्द निळं कापड अंथरा. चादर घरी.

लाल_माती
आणि आरसा! हातातला नाही, टेबलावर उभा राहील असा मोठा, चेहऱ्याच्या उंचीला. बाईने कानाला लावून पाहिलं नाही तर ती घेत नाही, आणि पाहिलं तर निम्मं काम झालं. दिवा तुमचा न्या, वायरीचा बोर्डही न्या. मोती पांढऱ्या उजेडात खुलतात, सोनेरी पॉलिश पिवळसर उजेडात. कार्यालयाच्या ट्यूबलाइटखाली दोन्ही मेलेलं दिसतं.

मी टेराकोटाचे करते, म्हणून एक जादा सांगते: जड माल खाली सपाट ठेवा, कानातली कार्डावर टांगून उभी. पंख्याच्या वाऱ्याने कार्डं पडतात, तेवढा बंदोबस्त करा. अंगठ्या खाच्यांच्या ट्रेमध्ये, म्हणजे एक गेली तर रिकामी खाच लगेच दिसते. जाते, जाते. चांगल्या घरच्या दिसणाऱ्या बायकांकडूनही जाते.

पूर्व_भागातली
ताई, प्रदर्शन विजापूर रोडला म्हणजे गिऱ्हाईक नोकरदार, शिक्षिका, डॉक्टरांच्या घरच्या. तिथे मोती आणि खण चालेल. तोच माल घेऊन आमच्याकडे अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठेच्या बाजूला याल तर चित्र वेगळं. आमच्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी. बाई टेबलापाशी येऊन "एंता?" म्हणते, मागची "एष्टु?" म्हणते, दोन्हीचा अर्थ "केवढ्याला?" एवढे दोन शब्द आणि आकडे पाठ करा, निम्मी ओळख तिथेच होते.

आवड पण वेगळी आहे. गडद रंग, हिरवं-लाल-जांभळं, साडीच्या काठाशी जुळलेली बांगडी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो तेव्हा, आणि नवरात्रात बतुकम्मा (आमचा तेलुगू बायकांचा फुलांचा सण) खेळतात तेव्हा, रेशमी दोऱ्याच्या बांगड्या मागायला येतात. साडीचा तुकडा हातात घेऊनच. "ह्या रंगाचं पाहिजे, असाच." तयार मालात तो रंग बरोब्बर सापडत नाही. म्हणून मी आता तयार बांगड्या थोड्याच ठेवते आणि दोऱ्याच्या रिळांचा डबा टेबलावर उघडा ठेवते.

कच्चा माल कुठून घेता? आम्ही हैदराबादला बेगम बाजारला जातो, तीनशे किलोमीटर. रात्री निघालं की सकाळी तिथे.

मणी_ओवते
मी पुण्याला रविवार पेठेतून आणते, बोहरी आळीच्या आसपास. बेगम बाजार स्वस्त पडतो का?

पूर्व_भागातली
किलोवर घेतलं तर पडतो. पाव किलोसाठी जाऊ नका, तिकीट मण्यांपेक्षा महाग होईल.

कानाला_खाज
गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलते, राग मानू नका. प्रदर्शनात घेतलेले ऑक्सिडाइज्ड झुमके घातले आणि संध्याकाळी कान सुजला. विकणारीने "जर्मन सिल्व्हर आहे, चांदीचाच प्रकार" असं सांगितलं होतं. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते हो, तांबं, जस्त आणि निकेल असतं. निकेलनेच बहुतेकींचे कान खाजतात. झुमका कशाचाही असू दे, कानात जाणारा हुक तरी नीट द्या.

तार_पक्कड
बरोबर आहे तुमचं. हुक सोनाराकडून ९२.५ चांदीची २० गेज तार ओढून आणून वाकवायचा, टोक बारीक कानशीने गोल करायचं. जाडी ०.८ मिलिमीटर होते, बहुतेक भोकांत बसते. जोडीमागे खर्च वाढतो, पण "हुक चांदीचा आहे" ही पाटी लावली की ज्यांचे कान खाजतात त्या थेट माझ्याकडे येतात आणि भाव विचारत नाहीत. सर्जिकल स्टीलही बहुतेकांना चालतं, त्यात निकेल असतं पण सुटत फार कमी. फारच त्रास असेल त्यांना टायटॅनियमचे हुक.

आणि पॉलिशची गॅरंटी देऊ नका. "पाणी, सेंट, घाम लागू देऊ नका, काढलं की पुसून डबीत ठेवा", एवढंच कार्डाच्या मागे छापा.

जुने_सोलापूरकर
उन्हाळ्यात प्रदर्शन घेणाऱ्यांसाठी: ग्लू गनने चिकटवलेलं काहीही एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत ठेवू नये. आपल्याकडे बाहेर ४२-४३ असतं, गाडीत किती होत असेल ते सांगायला नको. भाचीचे कापडी सेट अक्षरशः उमलले होते. रेझिनचे लोलकही उन्हात पिवळे पडतात.

हिशेबी
जीएसटीचं कुणी उत्तर दिलं नाही म्हणून लिहितो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात फक्त माल विकत असाल तर वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नाही म्हणजे गिऱ्हाइकाकडून जीएसटी घ्यायचाही नाही, साधी पावती द्या. इमिटेशन दागिन्यांचा दर ३ टक्के आहे, पण तो नोंदणी असलेल्यांसाठी. सीमा ओलांडून विजापूर, कलबुर्गी किंवा हैदराबादला टेबल लावायचं असेल तर गोष्ट बदलते. परराज्यात तात्पुरता धंदा करणाऱ्याला वेगळी नोंदणी असते, ती ९० दिवसांची, आणि अंदाजे कर आधी भरावा लागतो. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना त्यात सवलत आहे, तुमची वस्तू त्या यादीत बसते का ते सीएला दाखवून मगच निघा.

उद्यम नोंदणी करून ठेवा, फुकट आहे, आधार-पॅनवर ऑनलाइन होते. पैसे मागणारा एजंट भेटला तर हात जोडा.

मणी_ओवते
आणि ते कारागीर कार्ड म्हणतात ते? विश्वकर्मा योजनेत बसेन का मी?

हिशेबी
दोन्ही वेगळं. पीएम विश्वकर्मा सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, त्यात १८ व्यवसाय आहेत. सोनार आहे, कुंभार आहे, हारवाले आहेत, पण मोती-मण्यांचे दागिने ओवणारी म्हणून वेगळा व्यवसाय नाही. तुम्हाला उपयोगी पडेल ते केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांच्या कार्यालयाचं "पहचान" ओळखपत्र. ते असलं की त्यांच्या शिल्प बाजारांत टेबलासाठी अर्ज करता येतो. गावाकडच्या बचत गटात कुणी असेल तर उमेदमार्फत (राज्य सरकारचं बचत गटांचं अभियान) मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाचं दार उघडतं, पण ते गटांसाठी.

काटेरी_हलवा
आता माझं ऐका. मी वर्षभरात मोजकीच प्रदर्शनं घेते आणि तिथे विक्री करायला बसतच नाही.

मी हलव्याचे दागिने करते. कार्तिक संपला, थंडी पडायला लागली की सुरुवात. साबुदाणा, तीळ, खसखस, जे आत घालायचं ते परातीत मंद आचेवर, वरून पाक थेंबाथेंबाने आणि हात सतत फिरता. घाई केली की काटा येत नाही, गोल गुळगुळीत गोळ्या होतात. आपल्याकडची कोरडी थंडी त्याला मानवते. मग आकारानुसार निवडायचा, सुईदोऱ्याने ओवायचा, कार्डावर जरीचा कागद लावून त्यावर बांधायचा. सुनेचा सेट म्हणजे मंगळसूत्र, तन्मणी, नथ, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा. जावयाला हार, गुच्छ, श्रीफळ, अलीकडे घड्याळ आणि मोबाइलसुद्धा हलव्याचा मागतात. बोरन्हाणाला बाळाचा मुकुट आणि बासरी.

हे सगळं मी दिवाळीच्या प्रदर्शनात घेऊन जाते ते फक्त एकेक नमुना. टेबलावर "विकायला नाही, संक्रांतीची ऑर्डर" असं लिहिलेलं असतं. लोक थांबतात. ज्या घरात वर्षाच्या आत लग्न झालंय ती बाई सूनबाईचा हात धरून उभी राहते. मी मापं घेते, मनगट, कंबर, बाळाच्या डोक्याचा घेर. रंग विचारते, साडी काळी असणार पण काठ कसला? अर्धे पैसे आगाऊ. संध्याकाळी घरी जाताना टेबलावरचा माल तेवढाच असतो आणि वहीत महिना-दीड महिन्याचं काम.

नव्या पेठेतल्या ५० रुपयांच्या झुमक्याशी तुम्ही भावात कधीच जिंकणार नाही. तो साच्यातून येतो. पण साच्यातून आलेली बांगडी तुमच्या सुनेच्या मनगटाच्या मापाची नसते आणि पैठणीच्या काठाच्या रंगाची नसते. तेवढीच जागा आपली. म्हणून टेबलावर माल कमी आणि वही जाड.

तार_पक्कड
ताई, मान्य, पण सगळ्यांना हे लागू पडत नाही. तुमची वस्तू तारखेला बांधलेली आहे. १४ जानेवारी टळली की हलव्याला कोण विचारतो? म्हणून लोक पैसे आगाऊ देतात. ठुशीची ऑर्डर घ्या, बाई "पुढच्या आठवड्यात येते" म्हणून जाते आणि फोन उचलत नाही. मी अशा न नेलेल्या ऑर्डरी पुढच्या गावात पडेल त्या भावाने विकल्या आहेत. मापाची वस्तू दुसऱ्याला बसतही नाही.

काटेरी_हलवा
मग तुम्हीही तारखेला बांधा. श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात गौरी, आश्विनात नवरात्र, मग लग्नसराई, मग संक्रांत आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. ठुशी कुणाला तरी कशासाठी तरी हवी असते. "कधी घालणार आहात?" हा प्रश्न विचारा आणि ती तारीख वहीत तिच्या समोर लिहा. तारीख सांगितलेली बाई येते.

रेशीम_गोंडा
हलव्याच्या ताईंशी मी सहमत, पण माझी तऱ्हा वेगळी. मी टेबलामागे बसून ओवत असते. तयार माल पुढे, मी मागे मांडीवर ताट घेऊन. आमच्या आजेसासऱ्यांचा पटवेकरी धंदा होता, मंगळसूत्रं गाठवून द्यायचे, त्यामुळे गाठी हातात बसलेल्या आहेत.

दोन गोष्टी होतात. एक, हाताने केलेलं आहे हे सांगावं लागत नाही. दुसरी, मोडलेली वस्तू घेऊन लोक येतात. मोहनमाळेचा दोरा सैल झालाय, बोरमाळेतले दोन मणी निघालेत, आईच्या ठुशीचा गोंडा कुजलाय. पर्समधून रुमालात बांधलेलं काढतात. वीस मिनिटांत करून देते, १०० ते २०० रुपये घेते. तेवढा वेळ ती बाई माझ्या टेबलासमोर खुर्चीवर बसलेली असते. करणार काय? कानातली लावून बघते. तिच्या सोबतची बघते. दुरुस्तीला आलेली क्वचितच फक्त दुरुस्ती करून जाते.

आणि एकदा आईचा दागिना तुमच्या हातून नीट झाला की लेकीच्या लग्नाला तुमच्याकडेच.

सोन्याचं मात्र प्रदर्शनात घेत नाही. खोटं असेल तेच. सोन्याचा एक मणी कमी झाला असं कुणी म्हटलं तर कुठे तोंड लपवू?

मणी_ओवते
गाठवण्याचं सुचलंच नव्हतं. मला ठुशीची दोरी आणि गोंडा येतो, मोहनमाळ येत नाही.

रेशीम_गोंडा
येतं तेवढीच पाटी लावा. "ठुशी-चिंचपेटीचे गोंडे बदलून मिळतील." बास.

पुण्यात_अडकलेली
मूळची सोलापूरची, सध्या हिंजवडी. पुण्या-मुंबईचं विचारलंत म्हणून. मुंबईच्या कॉमिक कॉनसारख्या, म्हणजे कॉमिक्स-सिनेमांच्या चाहत्यांच्या मेळ्यात, माझी मैत्रीण रेझिन आणि पॉलिमर क्लेचे लोलक विकते. तिथलं गिऱ्हाईक विशीतलं, स्वतः पात्रांचा वेश करून आलेलं. एक डिझाइन आवडलं की भाव न विचारता घेतात, कारण ती वस्तू दुसरीकडे मिळत नाही. पण तिथे दोन अडचणी. टेबलाचं भाडं आपल्या मंगल कार्यालयाच्या कितीतरी पट. आणि प्रसिद्ध पात्रांची चित्रं, चिन्हं परवान्याशिवाय दागिन्यांवर विकता येत नाहीत. "सगळेच विकतात की" हे उत्तर नोटीस आल्यावर चालत नाही. तिने आता स्वतःची ड्रॅगन-घुबडं काढली आहेत. ती जास्त खपतात, गंमत म्हणजे.

तुमच्या मालाला मात्र मी वेगळी जागा सुचवेन. डॉक्टरांच्या, शिक्षकांच्या परिषदा होतात ना सोलापुरात? आयोजकांना पाहुण्यांसाठी भेटवस्तू लागतात. दरवेळी टॉवेल आणि चादर देऊन तेही कंटाळलेत. टॉवेलच्याच सुताचा गोंडा लावलेला खणाचा ब्रोच करून दाखवा. एकदम शंभर-दोनशे नग.

शेंगा_चटणी
चादर-टॉवेल देऊन कंटाळलेत असं सोलापुरात उघड बोलू नका हो, वाळीत टाकतील.

पूर्व_भागातली
सुताची आयडिया भारी आहे. कारखान्यांतून रंगीत सुताचे उरलेले कोन किलोवर मिळतात. रेशमापेक्षा जाड दिसतं, पण कॉटनच्या साडीवर तेच शोभतं.

काटेरी_हलवा
वाणाचं कुणी बोललं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकेक बाई पन्नास-शंभर वाणं लुटते. स्टीलची वाटी आणि प्लास्टिकचा डबा घरोघरी साठलाय. ३०-४० रुपयांत खणाची साडीपिन किंवा सुताची कानातली द्या, पुडीवर तुमचं नाव आणि नंबर. पन्नास घरांत तुमचं कार्ड जातं आणि वर त्याचे पैसे मिळतात.

कडक_भाकरी
मग गड्ड्यावरच, सिद्धेश्वरांच्या जत्रेत, टेबल टाका की, संक्रांतीला होम मैदानावर सगळं गाव असतं.

जुने_सोलापूरकर
गड्डा यात्रा वेगळी हो. तिथे लोक पाळण्यात बसायला, खायला येतात. धूळ, गर्दी, पोरं हाताशी. वीस-तीस रुपयांच्या बांगड्यांचे ढीग लागलेले असतात, त्यात हाताने ओवलेली चिंचपेटी कोण बघणार? आणि अक्षता सोहळ्याच्या दुपारी सम्मती कट्ट्याकडे पाय ठेवायला जागा नसते, दागिना घ्यायला कुणी थांबत नाही. नंदीध्वज बघायला जा, धंदा करायला नको.

पूर्व_भागातली
असं सरसकट नाही काका. आमच्या शेजारची गड्ड्यावर रेशमी बांगड्या विकते. पण ती हातात बांगड्यांची काठी घेऊन फिरते, टेबल नाही, भाडं नाही.

मणी_ओवते
प्रदर्शन झालं. सगळ्यांना वृत्तांत.

कापड गर्द निळं. आरसा शेजारच्या ब्युटी पार्लरवालीचा उसना. भाव कार्डावर. पहिला दिवस थंड गेला, दुसऱ्या दिवशी रविवार, त्या एकाच दिवसात भाडं निघालं. मोत्याच्या कुड्या सगळ्या गेल्या, चिंचपेटी बऱ्या, खणाचे मोठे सेट फारसे नाही. हातात घेतात, छान म्हणतात, फोटो काढतात आणि ठेवतात. फोटो काढणाऱ्या मुलींवर सुरुवातीला चिडत होते, मग सोडून दिलं.

गोंड्याची पाटी लावली होती. खरंच आल्या! एका आजींची ठुशी तर इतकी जुनी की दोरा हात लावताच तुटला, मणी सगळे टेबलावर. सासूबाईंनी ते एकेक वेचून वाटीत भरले आणि तेवढ्या वेळात त्या आजींचं माहेर बार्शीचं, यांचं माढ्याचं, आणि कुणीतरी एक समाईक मामी, असं सगळं निघालं. आजींनी नातीच्या लग्नासाठी पाच ठुश्या सांगितल्या. तारीख लिहून घेतली, अर्धे पैसे घेतले.

तिसऱ्या दिवशी एका मुलाने आईसाठी सेट घेतला, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला, घाईत निघून गेला. पैसे आलेच नाहीत. कार्यालयाच्या तळघरात नेटवर्क नव्हतं, मला मेसेजची वाट बघत बसता आलं नाही.

तार_पक्कड
पैसे जमा झाले की बोलून सांगणारा आवाजाचा डबा घ्या आणि त्यात तुमच्याकडच्या फोनपेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम टाकून मागा. डबा बोलल्याशिवाय वस्तू हातातून सोडायची नाही, कितीही घाई असू दे. टेबल ठरवण्याआधी त्या जागी उभं राहून नेटवर्क बघायचं.

नातीच्या लग्नाच्या पाच ठुश्या एकाच मापाच्या करू नका. गळे विचारा.

काटेरी_हलवा
आता भाद्रपदासाठी आत्तापासून तयारी करा. गौरी, आपल्याकडे बऱ्याच घरी महालक्ष्मीच म्हणतात. ज्येष्ठा-कनिष्ठा दोघी, म्हणजे प्रत्येक दागिना जोडीने जातो, अगदी सारखा. एक विकला की दुसरा आपोआप विकला. मुखवट्याच्या कानाला भोक असेलच असं नाही, त्यामुळे कानातल्याला हुकाऐवजी वरून लोंबणारी दोरी. नथही दाबाची. मुखवट्याचा फोटो आणि गळ्याचं माप मागून घ्या, पितळी मुखवटा असेल तर मान अरुंद असते.

पुण्यात_अडकलेली
ताई, तुमचा हलव्याचा सेट पुण्याला पाठवता का? बहिणीच्या बाळाचं पहिलं बोरन्हाण आहे. कुरिअरने चुरा होईल अशी भीती वाटते.

काटेरी_हलवा
पाठवते, पण कुरिअरने नाही. कडक खोक्यात, खाली-वर कापूस नको, तो काट्यांत अडकतो, बटर पेपरचे बोळे घालते. खोक्याच्या कडा टेपने बंद, नाहीतर मुंग्या. मग सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला येणाऱ्या कुणाच्या तरी हातात. तुमचं कुणी येणार असेल तर सांगा, स्टेशनवर आणून देईन. बाळाच्या डोक्याचा घेर कानाच्या वरून मोजून कळवा. आणि बहिणीला सांगा, मुकुट ओवलेला आहे, तो खाल्लेला चालेल. बासरीवरचा हलवा डिंकाने चिकटवलेला असतो, ती खाऊ देऊ नका.